निचरा एक, वस्ती एक

आमच्या कॉलनीत नवा भाडेकरू आला की आठवड्याभरात तो कुणाला तरी हळूच विचारायचा, "ते रोज सकाळी रस्त्याला पाणी घालतात, ते कोण?"

विचारण्यासारखंच होतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात रबरी बूट, हातात पाण्याची बाटली. आमची कॉलनी साताऱ्याच्या कडेला, उतारावर आहे. वरच्या टोकाला पाण्याची टाकी. तिथं उभं राहून ते बाटलीतलं थोडं पाणी डांबरावर ओतायचे आणि ओघळ सुटला की मान खाली घालून त्याच्यामागून चालू लागायचे. ओघळ थांबला की तेही थांबायचे, आणखी थोडं ओतायचे, पुन्हा मागोमाग. कुणी म्हणायचं नवस असेल. कुणी म्हणायचं डॉक्टरनं चालायला सांगितलं असेल. मला विचारलं तर मी सांगायचो, "आमचे सेक्रेटरी हायत. आमचं गटार अडवून बसल्यात."

सेक्रेटरी म्हणजे कॉलनीच्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी. सगळी हयात त्यांनी नगरपालिकेत कारकुनी केली होती आणि निवृत्त होऊन आमच्यात राहायला आले होते. निवृत्ती त्यांनी मनावर घेतली नव्हती. घराच्या फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते अकरा ते पाच बसायचे. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. दीड वाजून गेल्यावर कुणी गेलं तर ते समोरच बसलेले असायचे, आपल्याकडे बघतही असायचे, पण बोलायचे नाहीत. दोन वाजले की म्हणायचे, "बोला सभासद."

नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. संघात असेल तो सभासद, नसेल तो रहिवासी. दुधवाल्याला ते "बाहेरचे" म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. स्वतःच्या मुलीची ओळख "आमची वारस" अशी करून देत. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांनी दोन भाग केले होते, पात्र आणि अपात्र. डाग पडलेला आंबा अपात्र. मीटर न टाकणारी रिक्षा अपात्र. मुलीला मिरजेचं स्थळ आलं तेव्हा आम्ही विचारलं, कसा आहे मुलगा? म्हणाले, "पात्र आहे. अर्ज अपूर्ण आहे." मुलानं नोकरीचा दाखला आणून दिल्यावर लग्न झालं.

माझा धंदा जुन्या दारा-खिडक्यांचा. कुठं जुनं घर पाडत असले की मी ट्रक घेऊन जातो, दारं, चौकटी, गज, तुळया एकदम उचलतो, आणि साताऱ्याला आणून सुट्ट्या विकतो. मी मूळचा माणदेशातला. आमच्या घरात मेंढरं होती; भाव करायला मी मेंढरांच्या बाजारात शिकलो, तेच इथं कामाला आलं. कॉलनीच्या खालच्या टोकाला माझं गोडाऊन आहे. कॉलनीला गटार नव्हतं, त्यामुळे पावसाळ्यात वरच्या टाकीपासूनचं सगळं पाणी रस्त्यानं येऊन माझ्या गोडाऊनमध्ये शिरायचं. सागवानी दार पाण्यात उभं राहिलं की आधी खालून काळं पडतं, मग फुगतं, मग त्याला सरपणाचा भाव येतो. मला गटार पाहिजे होतं ते यासाठी. बाकीच्यांना डास आणि वास. मला पोटाचा प्रश्न.

सेक्रेटरींची आणि माझी पहिली गाठ संघात नाही, गोडाऊनमध्येच पडली. त्यांना न्हाणीघरासाठी एक लहान खिडकी हवी होती. मी भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही. विचारलं, "हाच भाव सगळ्यांना आहे?"

मी म्हणालो, "आवं, माणूस बघून सांगतो. धंदा हाय."

"बरं," म्हणाले आणि दाराजवळच्या एका चौकटीवर बसले. मला वाटलं विचार करताहेत. ते दुपारपर्यंत बसले. जेवणाची सुट्टीही तिथंच काढली, डबा आणला होता. त्या वेळात तसल्या खिडकीला तीन गिऱ्हाइकं आली, तिघांना मी तीन भाव सांगितले. सगळ्यात कमी भाव सांगितला तो माझ्या ओळखीच्या गवंड्याला. तो गेल्यावर हे उठले, नेमके तेवढे पैसे टेबलावर ठेवले आणि खिडकी बगलेत मारून चालू लागले.

मी मागून म्हणालो, "त्यो गवंडी माझा दोस्त हाय. तुमी कोण?"

"मीही गिऱ्हाईकच," म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की मी जेवण सोडून उठलो.

तर योजना. नगरपालिकेची एक योजना होती, लोक तिला निम्मी योजना म्हणायचे. वस्तीनं आपल्या कामाचा निम्मा भार उचलायचा, उरलेला निम्मा नगरपालिका उचलणार. वस्तीचा निम्मा पैशानं द्या नाहीतर अंगमेहनतीनं द्या; रहिवाशांनी स्वतः खणलं, वाहिलं, तर त्याचे तास धरले जायचे. ऐकायला सोपं. अवघड होतं ते अर्ज कुणी करायचा ते. योजना वरून आली होती, पण पात्रतेचे नियम आमच्या सेक्रेटरींच्या टेबलावर तयार झाले होते. सही साहेबांची, मजकूर ह्यांचा. म्हणून तर आम्ही त्यांना सेक्रेटरी केलं. अध्यक्ष होते एक निवृत्त सुभेदार. ते मला म्हणाले, "नियम लिहिणारा आपल्याच गल्लीत राहतोय. आता काम फत्ते समज गड्या."

पहिल्याच सभेत सेक्रेटरींनी नियम वाचून दाखवले. चौथ्या नियमाला सुभेदार खुर्चीत सरसावून बसले. "निचरा एक, ती वस्ती एक. ज्या घरांचं सांडपाणी एका वाटेनं जातं, ती सगळी घरं एका संघात. मालक असो, भाडेकरू असो, सज्ञान असला की सभासद. यातल्या कुणालाही दार बंद असेल, तर तो संघ अपात्र."

गोम अशी की कॉलनीच्या खाली माझ्या गोडाऊनला लागून एक भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे मागची वस्ती. गवंड्यांच्या हाताखालची माणसं, एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी, काही आमच्याच कोरड्या मुलखातून आलेली, काही बौद्ध घरं जुनी, कॉलनीच्याही आधीची. घरं लहान आणि माणसं आमच्या दुप्पट. भिंतीच्या बुडाला एक भगदाड होतं. आमचं पाणी माझ्या गोडाऊनला वळसा घालून, जमेल तेवढं आत येऊन, त्या भगदाडातून वस्तीत जायचं.

सुभेदार म्हणाले, "सेक्रेटरी, आपण कॉलनीपुरतं बघू. ते वेगळे, आपण वेगळे."

"मी रोज सकाळी बघतो," सेक्रेटरी म्हणाले. "पाणी भिंतीला थांबत नाही."

मी उठून म्हणालो, "मग भिंत कशाला बांधलीय?"

"भिंत कॉलनीनं बांधली, सभासद. उतार कॉलनीनं बांधलेला नाही."

मला हिशेब दिसत होता. काम कुठून सुरू करायचं, किती करायचं, हे सभेत हात वर करून ठरणार, असा पुढचाच नियम होता. मागची वस्ती सभेत आली तर हात त्यांचे जास्त. मला गटार वरून, टाकीपासून गोडाऊनपर्यंत हवं होतं. तिथून पुढं पाणी भगदाडातून आपलं जाईल. त्यांना ते कसं परवडेल?

म्हणून मी दोन दिवसांनी हापूसची पेटी घेऊन त्यांच्या फाटकाशी गेलो. अकरा वाजून गेल्यावर गेलो, म्हणजे बोलतील. म्हणालो, "सेक्रेटरी, चार नंबरचं तेवढं जरा सैल करा. बाकी तुमचे समदे नियम मान्य."

त्यांनी पेटीकडे पाहिलं. "ही कुणाला?"

"तुमाला. सहज."

"ठेवा."

मला वाटलं, जमलं. पुढच्या सभेत पेटी टेबलावर होती. सेक्रेटरींनी जाहीर केलं की एका सभासदानं संघाला आंबे देणगी दिले आहेत, आणि हजर असलेल्या प्रत्येकाला एकेक आंबा स्वतः वाटला. दोन नासके निघाले, ते "अपात्र" म्हणून बाजूला ठेवले. लोकांनी माझे आभार मानले. सुभेदार आंबा चोखत म्हणाले, "दिल बडा है तुमचं." नियम चार जागेवर राहिला.

तरी आम्ही फार घाबरलो नव्हतो. सभेची सूचना ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे, पण सभा रविवारी सकाळी, आणि वस्तीतली माणसं रविवारीही कामावर. कुणी आलं नाही. संघाचं दार उघडं होतं, आत यायला नुसतं नाव सांगायचं होतं, पण कुणी आलंच नाही त्याला आमचा काय इलाज? अर्ज पात्र ठरला. गटार टाकीपासून खाली आणायचं ठरलं. माझं काम झालं होतं.

मग श्रमदानाचा रविवार आला.

आमचा निम्मा भार आम्ही मेहनतीनं द्यायचं ठरवलं होतं, कारण पैसे काढायला कुणी तयार नव्हतं. आणि मेहनत करायलाही नव्हतं. एकाचा गुडघा दुखत होता, सुभेदारांची पाठ धरली होती, एका डॉक्टरांचा दवाखाना होता, मला गिऱ्हाईक होतं. सगळ्यांनी मिळून मला सांगितलं, तुम्ही नाक्यावरची माणसं जाणता, घेऊन या. ते खणतील, तास आपल्या नावावर. मी सकाळी नाक्यावरच्या मजूर अड्ड्यावर गेलो, मजुरी तोडून ठरवली, निम्मी उचल हातावर ठेवली आणि सात-आठ माणसं घेऊन आलो. त्यांत दोन बायका होत्या. एकीला सगळे आक्का म्हणत. तिच्या शब्दाबाहेर बाकीचे जात नाहीत हे मला अड्ड्यावरच कळलं होतं, म्हणून भाव मी तिच्याशीच केला होता. ती भावाला चिवट होती. मला त्याचा राग नाही. धंद्यात मला असली माणसं आवडतात.

खणायला सुरुवात झाली आणि सेक्रेटरी खुर्ची घेऊन आले. खुर्ची टाकली, बसले. रविवार होता तरी त्यांनी कचेरी भरवली. आक्काला विचारलं, "तुम्ही राहता कुठं?"

"हितंच की. भिंतीमागं."

"सांडपाणी कुठनं जातं?"

"जातंय कुठं? येतंय. तुमचंच येतंय, घरात." तिनं कुदळ टेकवली. "पावसात चूल खाटंवर ठिवावी लागती."

त्यांनी प्रत्येकाला विचारलं. एकूणएक जण भिंतीमागचा. अड्डा नाक्यावर असला तरी माणसं कुठून येतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला पाहायचं कारणही नव्हतं.

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "सभासद, ही माणसं सभासद नसतील तर हे भाड्याचे मजूर. यांचा एकही तास धरता येणार नाही. तुम्ही कुणीच हात लावलेला नाही, म्हणजे आपला निम्मा शून्य, आणि अर्ज अपात्र. ही माणसं सभासद असतील तर सगळे तास धरले जातील. मात्र सभासदाला श्रमदानाची मजुरी घेता येत नाही. तुम्ही मजुरी दिली आहे?"

माझं इकडं आड तिकडं विहीर झालं होतं, पण मी त्यातून निघणारा माणूस आहे. म्हणालो, "मजुरी न्हाई. चहापाण्याला दिल्यात."

आक्का हसली. "आवं शेठ, एवढा चहा प्यालो तर आमी मुततच बसू."

सगळे हसले. सेक्रेटरी सोडून.

ती त्यांना म्हणाली, "मला एक सांगा. सभासद झालो, तर गटार कुठनं सुरू करायचं ते आमी सांगायचं का?"

"सभेत मांडायचं. हात वर करून ठरतं."

"आन आमचं हात धरत्यात?"

"सगळ्यांचा एकेक."

तिनं कुदळ बाजूला ठेवली. मग कमरेची चंची सोडली, उचलीचे पैसे काढले आणि माझ्या हातात ठेवले. "घ्या. आमी सभासद."

एक म्हातारा म्हणाला, "आक्के, आजचा दिस गेला की गं."

"गेला तर गेला. दरसाल चूल खाटंवर जातीया, त्ये बरं हाय व्हय? काढ पैसं."

एकेकानं काढून दिले. माझ्या उभ्या धंद्यात दिलेली उचल परत आलेली मी पाहिली नव्हती. नोटा मी खिशात कोंबल्या. हातातला मोजायचा टेप रस्त्यावर आपटला आणि गोडाऊनमध्ये जाऊन बसलो. मागून सेक्रेटरींचा आवाज येत होता, "नाव सांगा सभासद. सावकाश."

पुढच्या सभेला ही सगळी वस्ती आली. बायका पुढं, पुरुष भिंतीला टेकून. आक्कानं मांडलं की गटार खालून, वस्तीपलीकडच्या ओढ्याच्या बाजूनं सुरू करावं आणि वर न्यावं. पाण्याला जायला आधी वाट, मग वरचं. सुभेदारांनी "जरा सोचके" म्हणून पाहिलं. हात वर गेले. मोजायचीही गरज नव्हती, तरी सेक्रेटरींनी मोजले.

गटार खालून वर निघालं. वस्तीतली माणसं कामावरून येऊन खणायची; एक-दोन रविवार सुभेदारही पाठीला पट्टा बांधून उतरले. मी उतरलो नाही. गटार ओढ्यापासून वस्तीतून आलं, भगदाड मोठं करून भिंतीतून आलं, आणि माझ्या गोडाऊनच्या अलीकडे थांबलं. मधे एक ट्रक उभा राहील एवढी जागा राहिली. मुदत संपली होती. मी सेक्रेटरींना म्हणालो, "अजून एक रविवार धरा. एका ट्रकाएवढंच हाय."

"मुदतीनंतरचे तास धरता येत नाहीत."

"मग नवा अर्ज करा."

"त्याच वस्तीला लागोपाठ मिळत नाही. एक वर्ष मधे जावं लागतं. इतरांचीही पाळी आली पाहिजे."

"ह्यो नियम कुणाचा?"

"माझाच," म्हणाले.

त्या पावसाळ्यात वस्तीत पाणी गेलं नाही. माझ्याकडे आलं. कोरेगावकडच्या एका पाडलेल्या बंगल्याचं नक्षीचं दार माझ्याकडे होतं. पुण्याच्या गिऱ्हाइकाशी बोलणं झालं होतं. खालची फळी काळी पडली आणि ते गिऱ्हाईक गेलं. ते दार अजून माझ्याकडे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं मी ते मुद्दाम पुढं ठेवलंय.

पाणी आलं त्या दिवशी सेक्रेटरी रबरी बूट घालून गोडाऊनमध्ये आले होते. मी विचारलं, "तुमी कशाला?" म्हणाले, "सभासदाकडे पाणी शिरलं तर सेक्रेटरीनं पाहणी करायची असते." मग शर्टाच्या बाह्या दुमडून त्यांनी दुपारभर माझ्याबरोबर दारांखाली विटा सरकवल्या. दार उचलताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. मी बस म्हटलं तरी थांबले नाहीत. पाच वाजता त्यांनी घड्याळ पाहिलं, बाह्या सोडल्या, बटणं लावली आणि गेले. आणखी बरीच दारं उचलायची राहिली होती.

मधलं वर्ष गेलं. नवीन अर्जाची वेळ जवळ आली आणि नेमके त्याच सुमाराला ते पडले. सकाळी ओघळामागून चालत होते, शेवाळावरून बूट सरकला, खुबा मोडला. मुलगी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती, ती येऊन घेऊन गेली. ऑपरेशन तिथं झालं आणि पुढंही ते तिच्याकडेच राहिले. साताऱ्याचं घर त्यांनी भाड्यानं दिलं.

अर्जाला सेक्रेटरीची सही लागते, आणि त्याआधी संघाची सभा झालेली असावी लागते. सभा झाली नव्हती. मी सुभेदारांना म्हणालो, त्यात काय, सभेचा वृत्तांत मी लिहून घेतो, तारीख मागची टाकतो, आणि मिरजेला जाऊन सही आणतो. योगायोगानं मिरजेत एक जुनं घर पाडत होते. मी भाड्याचा ट्रक काढला.

मुलीचं घर तळमजल्यावर होतं. सेक्रेटरी बाहेरच्या कट्ट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, शेजारी वॉकर. शर्ट इस्त्रीचाच, पण मापाला मोठा दिसत होता. दीड वाजून गेला होता. मी कट्ट्याच्या कडेला बसलो आणि दोन वाजेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मुलगी पाणी देऊन गेली. ट्रक कोपऱ्यावर उभा, भाडं चालू.

दोन वाजले. "बोला सभासद."

मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा पुसला, सगळा वाचला.

"ह्या तारखेला सभा झाली?"

"झाली असं धरा."

"मी हजर होतो असं लिहिलंय. ह्या तारखेला मी ऑपरेशनच्या टेबलावर होतो."

"आवं सेक्रेटरी, सही तेवढी करा. तारखा कोण बघतंय तिथं?"

"मीच बघायचो," ते म्हणाले आणि कागद घडी करून मला परत दिला. "शिवाय पदाधिकारी वस्तीतला रहिवासी लागतो. मी आता मिरजेत राहतो. मी अपात्र."

हे त्यांनी आंब्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. सही दिली नाही तर 'आता तुम्हीच अपात्र' असं सुनावायची तयारी करून मी गेलो होतो, तेही त्यांनी माझ्यासाठी ठेवलं नाही.

मग मी बोललो. दोन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बोललो. ते काळं पडलेलं दार, ते पुण्याचं गिऱ्हाईक, तो ट्रकाएवढा तुकडा. म्हणालो, "तुमच्या नियमापायी माझं वाटोळं झालं. परक्यांची घरं कोरडी केलीसा आन आपल्या माणसाला बुडवलंसा." मुलगी दारात येऊन उभी राहिली. रस्त्यावरची दोन माणसंही थांबली. माझं संपल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, "पाणी अजून आत येतं?"

"येतंय की."

"कुठवर?"

"उंबऱ्याच्या आत."

"आणि वस्तीत?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. "न्हाई," म्हणालो. "दोन पावसाळे झाले."

त्यांनी मान हलवली. "सभा बोलवा. सात दिवसांची सूचना द्या. नवा सेक्रेटरी निवडा. मुदत आहे अजून, मी पाहिलंय."

"निवडून कोण येणार, तुमाला ठावं हाय."

"हात मोजल्यावर कळेल," म्हणाले.

मी उठलो. त्यांनी खुर्चीखालची पाण्याची बाटली काढून माझ्याकडे दिली. "जाताना हे फाटकापाशी ओता. मला उतरता येत नाही. कुठं जातं ते बघून सांगा."

आतून मुलगी म्हणाली, "बाबा, इथं सुरू करू नका."

ट्रकवाला लांबून हॉर्न देत होता. बाटली मी फाटकापाशी रिकामी केली. ओघळ निघाला. मला वाटलं, चार हातांवर मुरेल. तो मुरला नाही. दोन इमारती ओलांडून, एका सतारी बनवणाऱ्याच्या दुकानापुढून तो गेला. ओट्यावर भोपळे वाळत ठेवले होते. तिथं तो मंदावला, म्हणून मी दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि ओतलं. दुकानदार बघत राहिला. शेवटी इमारतींच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिथल्या एका दारापुढच्या खड्ड्यात तो जाऊन बसला. खड्डा भरलेलाच होता.

परत येऊन सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "किती खोल्या?"

"मोजल्या न्हाईत."

"हं," म्हणाले. मला वाटतं, मी परत जाऊन मोजाव्यात अशी त्यांची इच्छा होती. मी गेलो नाही. ट्रकवाल्यानं थांबल्याचे जादा मागितले, त्यावर विट्यापर्यंत आमचं भांडण चाललं.

दुसऱ्या दिवशी सूचना घेऊन मी भिंतीपलीकडे गेलो. आक्का दारात तांदूळ निवडत होती. सूचना तिनं पोरीकडून वाचून घेतली.

"म्हातारं कसं हाय?"

"बसून असतंय."

"आन गटार कुठवर न्यायचं म्हणतासा?"

"ऱ्हायलंय तेवढं. माझ्या गोडाऊनच्या वरच्या अंगाला, मग टाकीपतुर."

"म्हंजी ह्या वक्ताला हात तुमाला पायजेत." तिनं सूप खाली ठेवलं. "आमच्या बायकांच्या मोरीला दार न्हाई. पडदा लावतो. तुमच्याकडं दारांचा ढीग हाय. एक दार द्या, हात वर करतो. बोला."

सौदा वाईट नव्हता. एक साधं दार गेलं असतं आणि काम पक्कं झालं असतं. मी तोंड उघडलं ते "कुठलं दार" विचारायला. आणि तोंडातून आलं, "न्हाई आक्का. मतासाठी सभासदाला काय देता येत न्हाई. अर्ज अपात्र हुईल."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. पोरीला म्हणाली, "ह्यास्नी म्हाताऱ्याचं वारं लागलं बघ."

"वारं-बिरं काय न्हाई," मी म्हणालो. "दार पायजे तर गोडाऊनला या. भाव सांगतो."

सभा झाली. आक्का सेक्रेटरी झाली. गटारासाठी हात वर गेले, तिचा पहिला. अर्ज पात्र ठरला, आणि यंदा मी रविवारी स्वतः खणायला उतरलो, कारण आक्का तास धरायला खुर्ची टाकून समोरच बसते आणि बदली माणूस चालवून घेत नाही.

मोरीसाठी दार न्यायला ती आठवड्याभरानं आली. भाव मी गवंड्याला सांगतो तो सांगितला. तरी ती तासभर बसली, आणखी गिऱ्हाईक येतंय का बघत.